आमवात आणि जनुकीय बदल: केस-कंट्रोल अभ्यास हाती घेताना

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, प्रौढांपैकी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना होतो. बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजाराच्या प्रवणतेतला सुमारे ६० टक्के वाटा आनुवंशिक धरला जातो. पण ब्रिटनमध्ये १९९३ साली झालेल्या जुळ्यांच्या पाहणीत एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण १५ टक्के निघालं, भिन्न जुळ्यांत ४ टक्क्यांच्या आसपास. सगळी जनुकं सारखी असूनही शंभरातले पंचाऐंशी जण सुटतात, हे अभ्यास आखताना सतत डोळ्यांपुढे असलेलं बरं. एचएलए-डीआरबी१ हे प्रतिकारशक्तीचं जनुक सोडलं तर एकेका जनुकीय बदलाचा परिणाम किरकोळ असतो: ऑड्स रेशो (त्या बदलाने आजाराची शक्यता साधारण किती पट होते तो आकडा) बहुतेक वेळा १.१ ते १.३, फार तर दीडच्या पुढे-मागे.

हे मार्गदर्शन एखाद्या छोट्या प्रयोगशाळेत पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती वाढवणारं), जेल आणि सेंट्रिफ्यूज एवढ्यावर, केस-कंट्रोल पद्धतीने म्हणजे रुग्णांची निरोगी लोकांशी (कंट्रोल) तुलना करून, दोन-चार जनुकीय बदल तपासू पाहणाऱ्यांसाठी आहे. यातली मुख्य अडचण आधीच सांगायला हवी. इथे शोधायचा परिणाम आणि प्रयोगात नकळत होणाऱ्या चुका एकाच आकाराच्या असतात. शंभरात तीन नमुने चुकीचे वाचले गेले तरी ‘संबंध’ उगवू शकतो किंवा खरा संबंध नाहीसा होऊ शकतो. त्याचं आकड्यांतलं उदाहरण पुढे दिलं आहे.

कुठला बदल निवडायचा

सुरुवात जगात पक्क्या झालेल्या यादीतून करा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संयुक्त विश्लेषणात २९,८८० रुग्ण आणि ७३,७५८ कंट्रोल घेऊन आमवाताशी निगडित १०१ जागा मांडल्या गेल्या, आणि नंतरच्या कामांत त्यात भर पडली. नेहमी तपासले जाणारे बदल असे: पीटीपीएन२२ जनुकातला आरएस२४७६६०१ (आरएस म्हणजे बदलाचा नोंद-क्रमांक; २००४ पासून माहीत), एसटीएटी४ मधला आरएस७५७४८६५ (२००७), सीटीएलए४ मधला आरएस३०८७२४३, ६क्यू२३ भागातले टीएनएफएआयपी३ जवळचे बदल, नवव्या गुणसूत्रावरचा ट्राफ१-सी५ भाग, आणि २००३ साली जपानी रुग्णांत सापडलेला पीएडीआय४.

यादीतलं नाव तुमच्या लोकसमूहात उपयोगी पडेलच असं नाही. पीटीपीएन२२ च्या त्या बदलात प्रथिनातल्या ६२० व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन येतं. जनुकाच्या अशा पर्यायी रूपाला अ‍ॅलील म्हणतात. उत्तर युरोपीय लोकांत हे अ‍ॅलील दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मिळतं, पूर्व आशियात जवळजवळ मिळतच नाही. जिथे अ‍ॅलीलच दुर्मीळ, तिथे पाचशे रुग्ण तपासून ‘संबंध आढळला नाही’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. म्हणून निवड करण्यापूर्वी सार्वजनिक जीनोम डेटाबेसमध्ये आपल्या किंवा जवळच्या लोकसमूहातली अ‍ॅलील-वारंवारता बघा. तीही मिळाली नाही तर आधी पन्नास निरोगी लोकांचे नमुने तपासा. शंभर गुणसूत्रांत अ‍ॅलील एकदाही दिसलं नाही तर तो बदल सोडून द्या.

किती माणसं लागतील

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी ही आकडेमोड करा. ती कागदावर पाच मिनिटांत होते. कंट्रोलमधली अ‍ॅलील-वारंवारता पी० आणि अपेक्षित ऑड्स रेशो ओ धरला, तर रुग्णांमधली अपेक्षित वारंवारता

पी१ = (ओ × पी०) ÷ [१ + पी० × (ओ − १)]

आणि प्रत्येक गटात लागणारी अ‍ॅलीलांची संख्या

७.८४ × [पी१(१ − पी१) + पी०(१ − पी०)] ÷ (पी१ − पी०)²

यातला ७.८४ हा आकडा ५ टक्के सार्थकता पातळी (योगायोगालाच संबंध समजण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (खरा संबंध पकडण्याची शक्यता) यांचा आहे. प्रत्येक माणसाकडे दोन अ‍ॅलील, म्हणून आलेली संख्या निम्मी केली की माणसं मिळतात. पी० १० टक्के आणि ऑड्स रेशो १.५ धरला तर प्रत्येक गटात सुमारे ४५० जण लागतात. तोच ऑड्स रेशो, पण पी० फक्त २ टक्के असेल तर सुमारे २,००० जण. आणि वारंवारता भरपूर, ३० टक्के, पण ऑड्स रेशो १.२ असेल तरी सुमारे १,१०० जण. हे सगळं एकच बदल तपासत असाल तर. दहा तपासणार असाल तर सार्थकतेची मर्यादा ०.०५ वरून ०.००५ वर येते आणि संख्या आणखी वाढते.

शंभर रुग्ण आणि शंभर कंट्रोल अशा मापाचे अभ्यास अजूनही भरपूर होतात. त्यांत योगायोगाने मोठा फरक आला तरच निकाल ‘सार्थ’ ठरतो, म्हणून छापला गेलेला ऑड्स रेशो हमखास फुगलेला असतो. तेवढेच रुग्ण मिळणार असतील तर दुसऱ्या केंद्राशी हातमिळवणी करा, किंवा एचएलए-डीआरबी१ घ्या; तिथला परिणाम मोठा असल्याने कमी माणसांत भागतं.

रुग्ण कोण आणि कंट्रोल कोण

रुग्णांची निवड कोणत्या निकषांवर केली हे पहिल्या दिवशी ठरवा आणि मध्येच बदलू नका. १९८७च्या निकषांत सातपैकी चार मुद्दे लागतात आणि त्यांत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आहे, अँटी-सीसीपी नाही (दोन्ही आमवातात रक्तात मिळणारी प्रतिपिंडं). २०१०च्या निकषांत दहापैकी सहा गुण लागतात. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी सौम्य पॉझिटिव्ह असेल तर २ गुण मिळतात आणि सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर ३. साहजिकच दोन निकषांनी जमवलेल्या गटांत पॉझिटिव्ह रुग्णांचं प्रमाण सारखं राहत नाही. एचएलए आणि पीटीपीएन२२ या दोन्हींचा प्रभाव मुख्यतः अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आजारात दिसतो, त्यामुळे अर्धे रुग्ण एका निकषाने आणि अर्धे दुसऱ्याने घेतले की ऑड्स रेशो कशाचा आहे तेच सांगता येत नाही. प्रत्येक रुग्णाची अँटी-सीसीपी चाचणी एकाच किटवर करून घ्या आणि नुसतं ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता आकडा नोंदवा.

याशिवाय नोंदवायच्या गोष्टी: वय, आजार सुरू झाला तेव्हाचं वय, लिंग, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, एक्स-रेमध्ये हाडांची झीज आहे की नाही, धूम्रपान (कधीच नाही, पूर्वी होतं, चालू आहे, किती वर्षं, रोज किती), सिलिका धुळीशी संबंध येणारं काम, आणि आई-वडील दोघांचं मूळ. धूम्रपान आजार सुरू होण्यापूर्वीचं विचारायचं. निदान झाल्यावर सिगारेट सोडलेला रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि तो चुकीच्या रकान्यात जातो.

कंट्रोल निवडताना जास्त फसगत होते. ओपीडीत दिसतील ते कंट्रोल घेणं सोपं वाटतं, पण पीटीपीएन२२ चं तेच अ‍ॅलील टाइप १ मधुमेह, ग्रेव्हज आजार आणि ल्युपस यांच्याशीही निगडित आहे. एसटीएटी४ चं अ‍ॅलील ल्युपसशी. थायरॉइड किंवा मधुमेह ओपीडीतून कंट्रोल घेतले तर कंट्रोलमध्येही जोखमीचं अ‍ॅलील वाढतं आणि फरक पुसला जातो. रुग्णांचे रक्ताचे नातेवाईक तर अजिबात घेऊ नका. जोडीदार चालतो, पण आमवाताचे बहुतेक रुग्ण बायका असल्याने कंट्रोल सगळे पुरुष होतात. रक्तदाते सोयीचे पडतात. मात्र तेही बहुतांशी तरुण पुरुष, त्यामुळे स्त्री-पुरुष प्रमाण जुळवून घ्यावं लागतं. वय अगदी तंतोतंत जुळलं नाही तरी बिघडत नाही: आजार शंभरात एकाला होतो, म्हणून आजच्या निरोगी तरुण कंट्रोलपैकी फार थोड्यांना पुढे तो होणार असतो.

खरा धोका मूळ वेगळं असण्याचा. रुग्ण एका समूहातून आणि कंट्रोल दुसऱ्यातून आले तर दोन समूहांत मुळातच वेगळ्या असलेल्या कुठल्याही अ‍ॅलीलचा आमवाताशी ‘संबंध’ निघेल. दोन्ही गट एकाच भागातून, समूहांचं प्रमाण जुळवून घ्या. पैसे असतील तर आजाराशी संबंध नसलेले, मूळ दाखवणारे काही डझन मार्कर तपासून विश्लेषणात त्यांची दुरुस्ती लावा. संपूर्ण जीनोमचा चिप-डेटा असेल तर प्रिन्सिपल कंपोनंट काढता येतात आणि हे काम नीट होतं.

नीती समितीची मंजुरी आणि लेखी संमती याआधीच घेतलेली हवी. संमतीपत्रात नमुना किती वर्षं ठेवणार, पुढे दुसऱ्या जनुकांसाठी वापरणार का आणि सहभागी व्यक्तीला निकाल कळवणार का, या तिन्हींचं उत्तर स्पष्ट लिहा. ट्यूबवर नाव नको, फक्त कोड. आणि त्या कोडवरून रुग्ण की कंट्रोल हे ओळखता येता कामा नये. ‘आर-००१’ आणि ‘के-००१’ असे कोड दिले की जेल वाचणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं.

रक्त आणि डीएनए

ईडीटीएच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत ३ मिली रक्त घ्या. हिरव्या झाकणाची हेपरिन नळी टाळा. हेपरिन डीएनएबरोबर उतरतं आणि पीसीआर बंद पाडतं. लगेच काम नसेल तर ४ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस, त्यापुढे उणे २० ला ठेवा. गोठवलेलं रक्त पुन्हा-पुन्हा वितळवू नका.

लाळेचे नमुने सोयीचे वाटतात, पण आमवाताच्या बऱ्याच रुग्णांना शोग्रेन आजारामुळे तोंड कोरडं पडण्याचा त्रास असतो. त्यांची लाळ कमी येते, डीएनए कमी उतरतो आणि नापास होणारे नमुने नेमके रुग्णगटात जास्त निघतात. दोन्ही गटांचं रक्तच घ्या.

सॉल्टिंग-आउट पद्धत स्वस्त आहे, फेनॉल लागत नाही आणि दर मिली रक्तामागे साधारण २० ते ४० मायक्रोग्रॅम डीएनए देते. रक्ताच्या तिप्पट आरबीसी लायसिस बफर (१५५ मिलिमोलर अमोनियम क्लोराइड, १० मिलिमोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, ०.१ मिलिमोलर ईडीटीए) घालून १० मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा लाल द्रव ओतून टाका. तळाचा गोळा पांढरा होईपर्यंत हे दोन-तीनदा करा. घाईत गुलाबी गोळ्यावरच पुढे गेलात तर उरलेलं हीम (रक्ताचा लाल घटक) पीसीआर करणाऱ्या टॅक एन्झाइमला अडवतं, आणि नमुना पुढे तीन-तीनदा पीसीआर करूनही उमटत नाही.

मग गोळा ३ मिली न्यूक्लियर लायसिस बफरमध्ये (१० मिलिमोलर ट्रिस, ४०० मिलिमोलर मीठ, २ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८.२) विरघळवा. त्यात १० टक्के एसडीएसचं ०.२ मिली आणि प्रोटिनेज-के चं (मिलीला १ मिलिग्रॅम) ०.५ मिली घालून ३७ अंशांना रात्रभर ठेवा. सकाळी संपृक्त, म्हणजे सुमारे ६ मोलर मिठाचं द्रावण १ मिली घाला आणि १५ सेकंद जोरात हलवा. इथे हात राखून हलवलं तर प्रथिनं नीट साकळत नाहीत. २,५०० आरपीएमला १५ मिनिटं फिरवा, वरचा स्वच्छ द्रव दुसऱ्या नळीत घ्या, दुप्पट थंड इथेनॉल घालून नळी हळूच उलटी-सुलटी करा. पांढरे धागे दिसतील. ते उचलून ७० टक्के इथेनॉलने धुवा, वाळवा आणि २०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये विरघळवा. टीईमध्ये ईडीटीए ०.१ मिलिमोलरच ठेवा. जास्त ईडीटीए पुढे पीसीआरमधलं मॅग्नेशियम पकडून ठेवतं. डीएनए अगदी कोरडा खडखडीत केला तर तो विरघळायला दिवस लागतात.

२६०/२८० गुणोत्तर १.७ ते १.९ असावं. त्याहून कमी म्हणजे प्रथिनं उरली आहेत. मिठाची पायरी पुन्हा करा. मग सगळे नमुने, अपवाद न करता, मायक्रोलिटरला २५ नॅनोग्रॅमवर आणा. मेथोट्रेक्सेटने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, स्टेरॉइडने काहींच्या वाढलेल्या. त्यामुळे रुग्ण आणि कंट्रोल यांचा डीएनए मुळातच वेगवेगळ्या प्रमाणात उतरतो. ही तफावत इथेच मोडली नाही तर पुढे ती जीनोटाइपमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या दोन अ‍ॅलीलांच्या जोडीच्या वाचनात, घुसते.

जीनोटायपिंग, पीटीपीएन२२ च्या उदाहरणावरून

आरएस२४७६६०१ साठी पीसीआर-आरएफएलपी पद्धत बरीच वापरली जाते: २१८ बेसजोड्यांचा तुकडा वाढवायचा आणि आरएसए-१ एन्झाइमने कापायचा. हे एन्झाइम जीटीएसी हा क्रम ओळखतं. सी अ‍ॅलीलमध्ये तो क्रम आहे, म्हणून १७६ आणि ४२ असे तुकडे पडतात. जोखमीच्या टी अ‍ॅलीलमध्ये तो मोडलेला असतो आणि २१८ चा तुकडा अखंड राहतो.

२५ मायक्रोलिटरच्या एका नळीसाठी: १० पट बफर (१५ मिलिमोलर मॅग्नेशियमसह) २.५, डीएनटीपी मिश्रण (प्रत्येकी १० मिलिमोलर) ०.५, दोन्ही प्रायमर (१० मायक्रोमोलर) प्रत्येकी ०.५, टॅक (मायक्रोलिटरला ५ युनिट) ०.२, डीएनए २, आणि पाणी १८.८ मायक्रोलिटर. डीएनए सोडून बाकीचं एकत्र मिश्रण करून घ्या. ९६ नळ्यांसाठी १०५ नळ्यांएवढं. ९५ अंश ५ मिनिटं. मग ९५ ला ३० सेकंद, जोडणीच्या तापमानाला ३० सेकंद, ७२ ला ३० सेकंद अशा ३५ फेऱ्या. शेवटी ७२ ला ७ मिनिटं. जोडणीचं तापमान दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका. ५५ ते ६२ पर्यंत ग्रेडियंट चालवून आपल्या मशीनवर एकच स्वच्छ बँड जिथे येईल ते घ्या.

कापताना: पीसीआर प्रॉडक्ट १०, बफर २, एन्झाइम (मायक्रोलिटरला १० युनिट) ०.५, पाणी ७.५ मायक्रोलिटर, ३७ अंशांना किमान ४ तास, शक्यतो रात्रभर. ‘लवकर व्हावं’ म्हणून एन्झाइम ओतू नका. त्यातलं ग्लिसरॉल एकूण मिश्रणाच्या ५ टक्क्यांवर गेलं की एन्झाइम भलत्या जागी कापू लागतं. मग ३ टक्के अ‍ॅगरोज जेलवर चालवा. ४२ चा तुकडा फिका दिसतो किंवा वाहून जातो. वाचायचं ते १७६ आणि २१८ वर.

आता या पद्धतीचा मुख्य दोष. एन्झाइमने काम अर्धवट केलं तर सीसी (दोन्ही प्रती सी) नमुन्यातही वर २१८ चा बँड उरतो आणि तो सीटी (एक सी, एक टी) म्हणून वाचला जातो. एन्झाइमने कामच केलं नाही तर सीसी चक्क टीटी दिसतो. म्हणजे इथली प्रत्येक चूक एकाच दिशेला, जोखमीचं अ‍ॅलील वाढवण्याकडे जाते. रुग्णांचे नमुने एका आठवड्यात जुन्या एन्झाइमने आणि कंट्रोलचे दुसऱ्या आठवड्यात नव्याने कापले की संबंध तयार!

त्यावरचे उपाय अवघड नाहीत, पण ते सगळेच करावे लागतात. प्रत्येक प्लेटमध्ये रुग्ण आणि कंट्रोल मिसळून ठेवा. प्रत्येक वेळी सिक्वेन्सिंगने पक्का केलेला एक सीसी, एक सीटी, मिळाला तर एक टीटी आणि डीएनएऐवजी पाणी घातलेल्या दोन नळ्या ठेवा. तो सीसी नमुना पूर्ण कापला गेला नसेल तर सगळी प्लेट रद्द. नवे प्रायमर आखत असाल तर तुकडा थोडा लांब घ्या, म्हणजे दोन्ही अ‍ॅलीलांत कापली जाणारी आरएसए-१ ची दुसरी जागा त्यात येईल. ती कापली गेली की एन्झाइम चाललं हे प्रत्येक नमुन्यातच दिसतं. शंका आली तर एक्ससीएम-१ वापरून बघा. ते उलट टी अ‍ॅलील कापतं, त्यामुळे त्याची चूक विरुद्ध दिशेला जाते. दोन्ही एन्झाइमांचं उत्तर एक आलं तर ते बिनधास्त धरा.

खऱ्या सीटी नमुन्यात वरचा बँड खालच्यापेक्षा ठळक दिसतो, त्याने गोंधळू नका. पीसीआरच्या शेवटच्या फेऱ्यांत सी आणि टी चे धागे एकमेकांशी जुळतात आणि अशी मिश्र जोडी कापली जात नाही. जेल दोघांनी स्वतंत्रपणे वाचावं. पाच ते दहा टक्के नमुने वेगळ्या कोडखाली पुन्हा चालवा, आणि सगळे टीटी सँगर सिक्वेन्सिंगने तपासा. टॅकमॅन प्रोब (अ‍ॅलील चमकेवरून ओळखणारे) परवडत असतील तर सरळ तेच घ्या: कापण्याची पायरी जाते आणि तिच्याबरोबर हा दोषही जातो. तिथे मात्र डीएनएचं प्रमाण सारखं नसेल तर आलेखावरचे पुंजके एकमेकांत मिसळतात.

एचएलए-डीआरबी१

आमवाताच्या जनुकीय जोखमीतला सर्वांत मोठा एकटा वाटा या जनुकाचा. १९८७ साली ‘शेअर्ड एपिटोप’ची कल्पना मांडली गेली: प्रथिनाच्या ७० ते ७४ या जागांवर क्यूकेआरएए, क्यूआरआरएए किंवा आरआरआरएए असा अमिनो आम्लांचा क्रम असलेली अ‍ॅलील आजाराची जोखीम वाढवतात. ०४:०१ मध्ये पहिला क्रम असतो, ०१:०१, ०४:०४ आणि ०४:०५ मध्ये दुसरा, १०:०१ मध्ये तिसरा. २०१२ साली पुढे असं दिसलं की डीआरबी१ च्या ११, ७१ आणि ७४ या जागा, एचएलए-बी ची ९ वी आणि डीपीबी१ ची ९ वी जागा मिळून या भागातला बहुतेक संबंध उलगडतो.

टायपिंग दोन-फील्ड पातळीचं, म्हणजे ०४:०१ असं पूर्ण हवं. नुसतं ‘डीआर४ पॉझिटिव्ह’ हे स्वस्तातलं उत्तर निरुपयोगी आहे, कारण ०४:०२ आणि ०४:०३ हीसुद्धा डीआर४ च, पण त्यांत शेअर्ड एपिटोप नाही. हे काम घरच्या जेलवर न करता ल्युमिनेक्स किंवा सिक्वेन्सिंग करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या, आणि त्यांनी ‘संदिग्ध’ म्हणून पाठवलेल्या जोड्या अंदाजाने सोडवू नका. मग प्रत्येक व्यक्तीला ०, १ किंवा २ प्रती असा आकडा द्या.

सहाव्या गुणसूत्राच्या या भागातला दुसरा कुठलाही बदल तपासत असाल तर डीआरबी१ तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. टीएनएफ जनुकाच्या −३०८ जागेचं ए अ‍ॅलील युरोपीय लोकांत डीआर३ (डीआर४ सारखाच डीआरबी१ चा एक प्रकार) बरोबर एकाच गठ्ठ्याने वारशात येतं. रुग्णांत डीआर४ वाढलं की डीआर३ चं प्रमाण आपोआप घटतं, आणि टीएनएफ चं ते अ‍ॅलील ‘संरक्षक’ असल्याचा भास होतो.

आकडेमोड

समजा ५०० रुग्णांत सीसी ३७०, सीटी १२०, टीटी १० आणि ५०० कंट्रोलमध्ये ४०७, ८६, ७ निघाले (आकडे केवळ उदाहरणाचे). पहिली पायरी कंट्रोलमधला हार्डी-वाइनबर्ग समतोल, म्हणजे जीनोटाइपच्या संख्या अ‍ॅलील-वारंवारतेवरून अपेक्षित असतात तशाच आहेत का ते पाहणं. टी ची संख्या ८६ + १४ = १००, एकूण १,००० अ‍ॅलील, म्हणजे वारंवारता ०.१. अपेक्षित संख्या ४०५, ९०, ५. काय-स्क्वेअर सुमारे ०.९९ येतो, ३.८४ पेक्षा कमी, म्हणजे ठीक. तो जास्त आला असता तर पुढे न जाता जेल पुन्हा काढायचे. अपेक्षित टीटी पाचपेक्षा कमी असतील तर एक्झॅक्ट टेस्ट वापरा. रुग्णगट समतोलात नसेल तर तेवढ्यावरून चूक समजू नका. खऱ्या संबंधामुळेही तो ढळतो.

रुग्णांत टी १४०, सी ८६०. कंट्रोलमध्ये टी १००, सी ९००. ऑड्स रेशो = (१४० × ९००) ÷ (८६० × १००) = १.४७. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.११ ते १.९३. इंटरव्हलमध्ये १ येत नाही, म्हणून निकाल सार्थ.

आता धरा की रुग्णांतले १५ सीसी, म्हणजे फक्त ३ टक्के, अर्धवट कापले गेल्यामुळे सीटी वाचले होते. ते दुरुस्त केल्यावर टी १२५ होतात, ऑड्स रेशो १.२९ वर येतो आणि इंटरव्हल ०.९७ ते १.७० होतो. संबंध नाहीसा. शिवाय चूक रुग्णगटात असल्याने कंट्रोलमधल्या समतोलाच्या चाचणीने ती पकडलीच नसती. म्हणून वर प्लेटमध्ये गट मिसळण्यावर इतका जोर दिला.

अंतिम विश्लेषण लॉजिस्टिक रिग्रेशनने करा: जीनोटाइप ०, १, २ असा, सोबत वय, लिंग आणि उपलब्ध असेल तर मुळाचे मार्कर. सगळे रुग्ण, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा तीन तुलना, प्रत्येक वेळी त्याच सगळ्या कंट्रोलशी. कुठलं मॉडेल वापरणार ते आधी लिहून ठेवा. पाच बदल, चार मॉडेलं आणि तीन गट म्हटले की ६० चाचण्या होतात आणि ०.०५ च्या मर्यादेत त्यातल्या तीन योगायोगानेच ‘सार्थ’ निघणं अपेक्षित आहे.

धूम्रपान वगळू नका

स्वीडनमधल्या २००६च्या अभ्यासात शेअर्ड एपिटोपच्या दोन प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताची जोखीम, एकही प्रत नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत २१ पट निघाली. मांडलेली कारणसाखळी अशी: धुरामुळे फुप्फुसात प्रथिनांचं सिट्रुलिनेशन (आर्जिनिनचं सिट्रुलिन होणं) वाढतं, आणि शेअर्ड एपिटोप असलेले रेणू ती बदललेली प्रथिनं टी-पेशींपुढे मांडतात. हा एकत्रित परिणाम मोजायला चार गट करा: दोन्ही नाहीत, फक्त जनुक, फक्त धूम्रपान, दोन्ही. समजा ऑड्स रेशो अनुक्रमे १, २.५, १.४ आणि ५.८ आले. मग (५.८ − २.५ − १.४ + १) ÷ ५.८ = ०.५, दोन्ही घटक असलेल्यांतली निम्मी जोखीम त्यांच्या एकत्र येण्याने आहे. या चार गटांपैकी सर्वांत लहान गटात पंधरा-वीसच माणसं उरली असतील तर हा आकडा छापू नका.

लेखात आणि सहभागींना काय सांगायचं

लेखात किती नमुने नापास झाले ते रुग्ण आणि कंट्रोल असं वेगळं द्या, डुप्लिकेटमधली जुळणी टक्क्यांत द्या आणि जीनोटाइपच्या मूळ संख्या द्या, नुसत्या टक्केवाऱ्या नकोत. जनुकीय संबंधांच्या अभ्यासांसाठी २००९ पासून स्ट्रेगा नावाची मार्गदर्शक यादी आहे. ती लेख लिहिताना नव्हे, अभ्यास आखताना समोर ठेवली तर निम्मी धावपळ वाचते.

रुग्णाची मुलगी किंवा भाऊ ‘मलाही होणार का’ असं विचारतातच. उत्तर आकड्यांत द्या. ज्या लोकसंख्येत शंभरात एकाला आमवात होतो तिथे १.४७ ऑड्स रेशोचं एक अ‍ॅलील बाळगणाऱ्याची शक्यता शंभरात सुमारे दीड होते, एवढंच. आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला आजार असेल तर जोखीम साधारण तिप्पट धरतात. ही कौटुंबिक माहिती एकट्या पीटीपीएन२२ च्या अहवालापेक्षा जास्त सांगते आणि तिला रक्त काढावं लागत नाही. सकाळी तासाभराहून जास्त टिकणारी सांध्यांची ताठरता, बोटांच्या पेरांना आणि मनगटाला सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सूज अशी लक्षणं असतील तर त्यांना जनुक-चाचणीकडे न पाठवता सांधेविकारतज्ज्ञाकडे पाठवा आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी करायला सांगा. लक्षणं नसतील आणि ती व्यक्ती धूम्रपान करत असेल तर ते सोडण्याबद्दल बोला. अ‍ॅलील बदलता येत नाही, हे बदलता येतं.